किती, आणि कशाच्या मानानं?



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात दारूनं करणं शोभत नाही, पण माझ्या विषयाचा जन्मच तिथं झाला, त्याला इलाज नाही. आणि ज्या श्रीरामपूर तालुक्यात मद्यासाठी ओळखलं जाणारं टिळकनगर आहे, तिथल्या श्रोत्यांना इथाइल अल्कोहोलची ओळख मी काय करून देणार!

1951 साली अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात, जे. टी. आर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि एम. ई. पॅकार्ड या तिघांनी थोडंसं इथाइल अल्कोहोल एका चुंबकात ठेवलं, त्यावर रेडिओलहरी सोडल्या आणि आतून आलेला प्रतिसाद कागदावर उतरवला. सुरुवातीची समजूत अशी, की हायड्रोजनचं अणुकेंद्र कुठंही असलं तरी ठरावीक चुंबकात एकाच कंपनसंख्येला साद देणार. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये ही साद पहिल्यांदा ऐकली होती आणि 1952 मध्ये त्या दोघांना नोबेलही मिळालं. भौतिकशास्त्रज्ञांना त्यातून अणुकेंद्राचे गुणधर्म नेमके मोजायचे होते. पण या तिघांच्या कागदावर एकाच्या जागी तीन शिखरं उमटली. शेजारीशेजारी, आणि त्यांची क्षेत्रफळं तीनास दोनास एक या प्रमाणात. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. तीन एका कार्बनला चिकटलेले, दोन दुसऱ्या कार्बनला आणि एक ऑक्सिजनला. आलेखानं रेणूची रचना, बाटलीचं बूच न काढता म्हणा ना, वाचून दाखवली होती.

त्या तिघांतले धर्मट्टी आपले. पुढे मुंबईत, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी याच विषयाचा गट उभा केला, आणि भारतातल्या एनएमआरच्या, म्हणजे अणुकेंद्रांची ही चुंबकीय साद ऐकण्याच्या, कामाची एक मोठी शाखा तिथून फुटली. एमआरआयच्या रांगेत बसलेल्या आपल्या माणसांपर्यंत हे नाव फारसं पोचलेलं नाही. म्हणून आज ते मुद्दाम आधी घेतलं.

आता त्या आलेखाकडे नीट बघा. शिखर कुठं आहे, यावरून पदार्थ *काय* ते कळतं. शिखराखालचं क्षेत्रफळ बघून *किती* ते कळतं. नळीत भरलेल्या शुद्ध अल्कोहोलपाशी ही दोन्ही उत्तरं एकदमच मिळाली. जिवंत माणसाच्या मेंदूपाशी किंवा यकृतापाशी मात्र त्यांची फारकत होते. ‘काय’चं उत्तर तुलनेनं लवकर मिळालं. ‘किती’नं माझ्या क्षेत्रातल्या लोकांना चार दशकं घाम फोडला आहे आणि अजून पुरतं सोडलेलं नाही. आज मी त्या ‘किती’बद्दल बोलणार आहे.

एमआरआय बहुतेकांनी पाहिलेला आहे, काहींनी आत झोपून. त्या चित्रात जे दिसतं ते मुख्यतः पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन. तेच यंत्र, तेच चुंबक, फक्त चित्र काढण्याऐवजी मेंदूतला साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा निवडायचा आणि त्यातल्या हायड्रोजनच्या सादेचा वर्णपट घ्यायचा. याला एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत. पाचेक मिनिटं खडखडाट सोसायचा. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनची साद 128 मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे एफएम रेडिओचा पट्टा संपतो त्याच्या थोडं वर. रेणूरेणूनुसार या सादेत जो फरक पडतो तो दशलक्षात दोन-चार भागांचा, म्हणजे काहीशे हर्ट्झचा. हायड्रोजनभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला चुंबकाच्या प्रभावापासून किंचित झाकतात. ज्याचं पांघरूण जाड त्याची साद खाली, एवढंच त्यामागचं कारण आहे. एवढासा फरक ओळखायचा तर निवडलेल्या ठोकळ्यात चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं हवं. कपाळामागच्या हवेच्या पोकळ्या, दातांतलं धातूचं काम, पेशंटनं वळवलेली मान, यांतलं काहीही ते बिघडवायला पुरतं. चांगला तंत्रज्ञ तुमचं माप घेण्याआधी हे क्षेत्र सारखं करण्यातच बराच वेळ घालवतो, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं यंत्र बंद पडलं.

शिवाय साद फार क्षीण. तीन टेस्लाच्या चुंबकात शरीराच्या तापमानाला दहा लाख हायड्रोजन केंद्रकं घेतली तर त्यातल्या सुमारे दहांचंच जादा वजन एका बाजूला पडतं. आपल्याला ऐकू येते ती त्या दहांची साद. त्यात पाण्याचा गोंगाट. मेंदूच्या एका लिटरमध्ये पाण्याचे चाळीसच्या आसपास मोल असतात. चेतापेशींची खूण मानला जाणारा एन-असिटिल अ‍ॅस्पार्टेट, ज्याला आम्ही एनएए म्हणतो, तो आठ-दहा मिलिमोल. पाण्याचे चार-पाच हजार रेणू तेव्हा याचा एक. म्हणून आधी पाण्याची साद दाबायची आणि मग बाकीच्यांची ऐकायची.

निरोगी मेंदूच्या वर्णपटात नेहमी दिसणारी मंडळी थोडी आहेत. दशलक्षात किती भाग या पट्टीवर एनएए दोनच्या खुणेशी, क्रिएटिन तीनच्या जवळ, कोलीन त्याच्या लगेच पुढे, मायो-इनोसिटॉल साडेतीनच्या आसपास. लॅक्टेट एरवी दिसत नाही, ऑक्सिजन तुटला की 1.3 पाशी जोडशिखर घेऊन उगवतं. ट्यूमरमध्ये पेशींची आवरणं भराभर बनत-मोडत असल्यानं कोलीन वाढतं आणि चेतापेशी मेल्या की एनएए उतरतं. यकृत निकामी होऊन माणूस गुंगीत जातो तेव्हा मेंदूत ग्लुटामिन वाढतं, मायो-इनोसिटॉल आणि कोलीन घटतं. कॅनाव्हान नावाच्या लहान मुलांच्या आजारात एनएए मोडणारं एन्झाइमच नसतं, तिथं एनएए उलट साचत जातं.

पण शिखरांच्या उंचीवर विश्वास टाकू नका. कोलीनच्या रेणूत एकाच जागी साद देणारे नऊ हायड्रोजन असतात, क्रिएटिनच्या तीनजवळच्या शिखरात तीन. त्यामुळे लिटरमागे दीड मिलिमोल कोलीन हे आठ मिलिमोल क्रिएटिनच्या निम्म्याहून उंच दिसतं. त्यात ‘कोलीन’ हे एका द्रव्याचं शिखर नव्हेच. तीन-चार कोलीनयुक्त द्रव्यांची ती बेरीज आहे. ‘क्रिएटिन’ही क्रिएटिन अधिक फॉस्फोक्रिएटिन.

ही अडचण तुमच्या गावाला समजावून सांगायला नको. हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून पुढच्या सहकारी कारखान्यांपर्यंत इथल्या तीन-चार पिढ्यांनी प्रयोगशाळेतला पोलॅरिमीटर पाहिला आहे किंवा निदान त्याच्या नावानं बोटं मोडली आहेत. रसातून जाताना प्रकाशाचं प्रतल किती फिरलं ते हे यंत्र सांगतं. साखर त्याला उजवीकडे फिरवते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखर फुटून जे मिश्रण होतं ते डावीकडे फिरवतं. यंत्राला दोन्हींची वजाबाकी दिसते आणि तीच ‘पोल’ म्हणून वहीत जाते. जुन्या केमिस्टला हे पाठ असतं. त्यानंतर येतो उतारा. अंशात साखर, छेदात उसाचं वजन. सरकारनं ठरवलेला उसाचा रास्त दर, म्हणजे एफआरपी, गेल्या काही हंगामांत 10.25 टक्के उताऱ्यावर बांधलेला आहे, म्हणून सगळ्यांचं लक्ष अंशावर असतं. पण शहाणा शेतकरी आधी वजनकाट्याशी जाऊन उभा राहतो. आमच्या क्षेत्राला या शेतकऱ्याचा शहाणपणा यायला बराच उशीर लागला.

कारण सोपी वाट समोर होती. यंत्राला खरी संहती कळत नाही. त्याला कळतात ते मनमानी एककातले आकडे, आणि ते डोकं साद टिपणाऱ्या कॉइलच्या किती जवळ, माणूस किती जाड, यावरही हलतात. मग एका शिखराला दुसऱ्यानं भागलं की हे सगळं छाटलं जातं. छेदात बसवलं क्रिएटिनला, कारण ते म्हणे सगळीकडे स्थिर असतं. एनएए भागिले क्रिएटिन, कोलीन भागिले क्रिएटिन. आजही आपल्याकडच्या बहुसंख्य रिपोर्टांत हीच गुणोत्तरं असतात, आणि घाईच्या कामाला ती बऱ्यापैकी चालतात. फक्त गुणोत्तर बदललं तर दोष अंशाचा की छेदाचा हे त्यातून कळत नाही.

छेद पूर्ण नाहीसा झाला तर? हे 1994 मध्ये घडलं. जर्मनीत गोटिंगनला सिल्विया श्टॉकलर आणि फोल्कर हानेफेल्ड यांच्याकडे एक बालक आलं. पहिले काही महिने ठीक वाढलेलं, मग वाढ खुंटलेली, हातापायांच्या हालचाली आपोआप आणि विचित्र. नेहमीच्या तपासण्यांत ठोस काही लागेना. त्याच गावात मॅक्स प्लँक संस्थेत येन्स फ्राम यांचा गट मेंदूचे वर्णपट घेण्यात जगात पुढे होता. त्या मुलाच्या मेंदूच्या वर्णपटात क्रिएटिनचं शिखर जवळजवळ नव्हतंच. ज्याला सगळे स्थिर धरून चालले होते तेच गायब. रक्तातला आणि लघवीतला क्रिएटिनिनही कमी निघाला. आपल्याकडे क्रिएटिनिन कमी आला की किडनी छान म्हणून पेढे वाटतात, पण क्रिएटिनिन बनतो क्रिएटिन मोडून, आणि या मुलाच्या अंगात मुळात क्रिएटिनच बनत नव्हतं. क्रिएटिन बनण्याच्या शेवटच्या पायरीवरचं, यकृतातलं एक एन्झाइम निकामी होतं आणि आधीच्या पायरीवरचा पदार्थ साचत होता.

उपाय तोंडानं देता येण्याजोगा होता. व्यायामशाळेतली पोरं दुधात घालून पितात तीच क्रिएटिनची पावडर. पुढे वेळोवेळी घेतलेल्या वर्णपटांत शिखर हळूहळू वर आलं, हालचाली सुधारल्या. मूल पूर्ण बरं झालं असं कुणी म्हटलेलं नाही, पण जन्मजात चयापचय-दोषांच्या यादीत, उपचार करता येण्याजोग्या, एका नव्या आजाराची नोंद झाली. या गोष्टीतलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की गोटिंगनचा गट तेव्हा गुणोत्तरांवर थांबलेला नव्हता. ते खऱ्या संहती काढत होते. नुसतं भागाकारावर चालणाऱ्या संगणकानं त्या मुलाच्या रिपोर्टात एनएए प्रचंड वाढलं, कोलीन प्रचंड वाढलं, असं छापलं असतं, आणि दोन्ही नॉर्मल होती.

मग छेदात कुणाला बसवायचं? उत्तर बाहेर शोधायची गरज नव्हती. ज्या पाण्याला आपण दाबून टाकत होतो तेच. एक वर्णपट पाणी दाबून घ्यायचा, दुसरा न दाबता, आणि ऊतीत पाणी किती ते माहीत आहे असं धरून बाकीच्यांची संहती काढायची. मेंदूच्या करड्या भागात पाणी सुमारे 80 टक्के, पांढऱ्या भागात सुमारे 70. ठोकळ्यात दोन्हींचं मिश्रण असतं, शिवाय मधल्या पोकळीतलं द्रव आलं तर ते जवळपास निव्वळ पाणी. म्हणून ठोकळ्याचं चित्र घेऊन कशाचा किती वाटा ते आधी मोजायचं. सूज आलेल्या, इजा झालेल्या मेंदूत पाण्याचं प्रमाणच बदलतं, तिथं पुन्हा काटा तपासायचा. एकमेकांवर चढलेली शिखरं सुटी करण्यासाठी स्टीफन प्रोव्हेन्चर यांनी 1993 मध्ये एलसीमॉडेल हा प्रोग्रॅम दिला. एकेका शुद्ध द्रव्याच्या वर्णपटांची बेरीज करून तो ती मोजलेल्या आलेखाशी जुळवतो. आकड्याशेजारी तो त्याची अनिश्चितताही छापतो. पेशंटच्या हाती पडणाऱ्या कागदावरही ती छापली जावी असं मला फार वाटतं. दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा बघून माणसाला उगाच धीर येतो किंवा उगाच धसका बसतो. आणि ही अनिश्चिततासुद्धा फक्त गोंगाटापुरतीच. पाण्याचा अंदाज चुकला असेल तर ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

यात आणखी एक गोम आहे. प्रत्येक द्रव्याची साद वेगवेगळ्या वेगानं विझते. आपण ऐकायला सुरुवात करेपर्यंत कुणाची किती विझली याची भरपाई करावी लागते. ती किती नाजूक आहे, हे पुन्हा अल्कोहोलनंच शिकवलं. माणसानं दारू घेतली की काही वेळानं त्याच्या मेंदूच्या वर्णपटात 1.2 पाशी अल्कोहोलचं शिखर दिसतं, स्टॅनफर्डच्या त्याच रेणूचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी ते मोजलं, रक्तातल्या अल्कोहोलशी ताडून पाहिलं, तर मेंदूत हवं त्याहून बरंच कमी निघालं. उरलेलं गेलं कुठं? काहींनी सुचवलं की ते पेशींच्या आवरणांत अडकून बसतं म्हणून दिसत नाही, आणि सवयीच्या पिणाऱ्यांत ते वेगळं वागतं. पुढची दहाएक वर्षं त्यावर निबंध आले. जसजशी सादेच्या विझण्याची आणि पाणी दाबताना अल्कोहोलवर होणाऱ्या परिणामाची भरपाई नीट होऊ लागली, तसतसा हा हरवलेला हिस्सा बराचसा सापडला. त्यातला मोठा भाग गणितात हरवला होता.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं असेल तर गुणोत्तरवाल्या रिपोर्टांचं काय? सगळीकडे ‘किती’ची गरज नसते. आपल्याकडे झटका आलेल्या रुग्णाच्या मेंदूत कड्यासारखी गाठ दिसणं काही विरळा नाही. क्षयाची असेल, साध्या पू-जंतूंची असेल, फीतकृमीची असेल, ट्यूमर असेल. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. राकेश गुप्ता यांच्या गटानं दाखवलं, की साध्या जंतूंच्या गळवात काही अमिनो आम्लांची शिखरं दिसतात, कधी जंतूंनी तयार केलेल्या असिटेटची वगैरे. क्षयाच्या गळवात ही अमिनो आम्लं दिसत नाहीत, तिथं मुख्यतः चरबीचं शिखर असतं, कारण क्षयाच्या जंतूच्या भिंतीतच चरबी भरपूर. इथं आहे की नाही एवढंच बघायचं आहे. छेदाचा वाद तिथं उरत नाही, आणि रुग्णाच्या डोक्याला भोक पाडण्याआधी डॉक्टरला एक पुरावा हाताशी येतो. भारतीय रोगांसाठी भारतात झालेलं हे काम आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एन. आर. जगन्नाथन यांच्या गटानं स्तनांच्या कर्करोगात केमोथेरपीनं कोलीन उतरतं का, हे पाहिलं, तेही याच घराण्यातलं.

आता यकृताकडे येतो, कारण या सभागृहात मधुमेहाची गोळी खिशात असलेले बरेच जण असणार.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एक, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. ते मोजमाप क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रावरचं, आमच्या नव्हे. पण मुद्दा आमचाच. वजनाच्या काट्यानं जे लपवलं होतं ते बाहेर आलं. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही तेच निघालं. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांच्या मानानं किरकोळ, पण चरबी मात्र राखून आलेली.

ही चरबी यकृतात किती शिरली आहे ते एमआर स्पेक्ट्रोस्कोपी एक श्वास रोखायच्या वेळात सांगते. पाणी 4.7 वर, चरबी 1.3 वर. चरबी भागिले चरबी-अधिक-पाणी. इथं आपल्याला हवं आहे ते गुणोत्तरच, त्यामुळे मेंदूतली अर्धी डोकेदुखी वाचते. विझण्याची भरपाई मात्र करावीच लागते, विशेषतः यकृतात लोह साचलं असेल तेव्हा. सोनोग्राफीला 20 ते 30 टक्क्यांखालची चरबी नीट दिसत नाही, ती इथं एक-दोन टक्क्यांपासून दिसते. अमेरिकेत येल विद्यापीठात किट पीटरसन आणि जेराल्ड शुलमन यांनी 2006 मध्ये याच पद्धतीनं तरुण, सडसडीत, निरोगी माणसं मोजली. भारतीय वंशाच्या पुरुषांच्या यकृतात गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट चरबी निघाली, आणि इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाणही त्यांच्यात कितीतरी जास्त.

मग ‘फॅटी लिव्हर’ म्हणायचं कधी? रिपोर्टात 5.56 टक्के ही मर्यादा दिसेल. ती 2005 मध्ये टेक्ससमधल्या डॅलस हार्ट स्टडीतून आली. तिथं दोन हजारांवर लोकांची यकृतं स्पेक्ट्रोस्कोपीनं मोजली, त्यातून लठ्ठपणा, मधुमेह, दारू असं काही नसलेली माणसं बाजूला काढली आणि त्यांच्यातल्या 95 टक्के लोकांची चरबी ज्या आकड्याच्या आत होती तो आकडा म्हणजे 5.56. पॅथॉलॉजिस्टसुद्धा ‘5 टक्के’ म्हणतो, पण तो सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशींतल्या किती पेशींत चरबीचे थेंब आहेत ते मोजतो. आमचे टक्के सादेचे, त्याचे टक्के पेशींचे. सोनोग्राफीची ‘ग्रेड वन’ तर पडद्याच्या उजळपणाची. एकाच माणसाच्या फायलीत हे तिन्ही कागद एकमेकांना टाचलेले मी पाहिले आहेत, आणि घरचे त्यावरून चरबी वाढली की कमी झाली हे ठरवत होते.

आणि डॅलसमधली माणसं कृष्णवर्णीय, गोरी आणि हिस्पॅनिक होती. ज्यांची चरबी बीएमआयच्या काट्यात लपते, त्या आपल्या बांध्याच्या माणसांसाठी रेषा तिथंच ओढायची की आणखी खाली, हे डॅलसचे आकडे सांगू शकत नाहीत. ते ठरवायचं तर गोदाकाठची, प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेली, काही दुखत-खुपत नसलेली माणसं यंत्रात झोपवून मोजावी लागतील. लोणीचं वैद्यकीय महाविद्यालय इथून फार लांब नाही. अशा कामाला रुग्ण पुष्कळ मिळतात, निरोगी माणूस तयार होत नाही, कारण बरं असताना यंत्रात कोण शिरणार! संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखला आहे. प्रश्न विचारायला उठाल तेव्हा, अशा मोजणीला नाव द्याल का, तेही सांगून टाका.